धुकेबाई आणि तिच्या चौघी

तिला सगळे धुकेबाई म्हणत. लाँच हाकणारे सारंग, धक्क्यावर तिकिटं फाडणारा, पलीकडच्या काठावरून रोज कामाला येणाऱ्या बायका, सगळेच. त्यात चेष्टा नव्हती. थंडीच्या दिवसांत खाडीवर धुकं उतरणार की नाही, उतरलं तर कुठे दाटेल आणि कधी विरेल, हे पहिल्या लाँचच्या आधी सांगणं हे तिचं काम होतं, आणि कामावरून माणसाला नाव पडतं तसं तिला पडलं होतं. घरातही ते रुळलं. नवरा स्वतः पहिल्या लाँचचा सारंग. लाडात आला की म्हणायचा, "काय धुकेबाई, आज सोडता का आम्हाला?"

तरुणपणी ती बंदराच्या कचेरीत, हवामानाच्या खोलीत लागली होती. खोली कसली, जिन्याखालचा कोनाडाच तो. एक टेबल, एक खुर्ची, आणि खिडकीबाहेर पांढऱ्या झडपांच्या पेटीत टांगलेले तापमापक. तिथे बसून ती आकडे टिपायची आणि वरच्या मजल्यावर साहेबांना नेऊन द्यायची. साहेब अबोल, पण धुक्याचे वेडे. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट जीव ओतून केली, या खाडीवरच्या धुक्याचं गणित मांडलं. पुढे मोठी जहाजं दुसऱ्या बंदराला जायला लागली, कचेरी आटत आटत बंद झाली, आणि निवृत्त होताना साहेब ते गणित हिच्या स्वाधीन करून गेले. "तुम्हीच चालवा," एवढंच म्हणाले. लाँचमालकांच्या संघटनेनं तिला मानधन द्यायचं ठरवलं, आणि जिन्याखालची ती खोली अशी तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

दोन्ही काठांवर आणि पाण्यात तरंगणाऱ्या बोयांवर छोट्या डब्या बसवलेल्या होत्या. पाण्याची ऊब, हवेतली ओल, वाऱ्याची दिशा असं काय काय त्या गोळा करून पाठवत. पण साहेबांचं गणित इतकं अवजड, की घरच्या लॅपटॉपला ते पेलेना. त्यासाठी कुठेतरी दूर असलेली चार मशीनं भाड्यानं घेतली होती. क्लाउडवरची.

"क्लाउड म्हणजे ढगच ना?" सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हो, बाबा."

"आणि धुकं म्हणजे?"

"तोही ढगच. जमिनीवर उतरलेला."

"म्हणजे एका ढगाला दुसऱ्या ढगाची चौकशी करायला लावतेस तू. चांगलं आहे." आणि ते पेपर उघडून बसले.

ही मशीनं दिवसभर चालू ठेवली तर भाडं परवडायचं नाही. म्हणून पहाटे चालू करायची, काम झालं की बंद करायची, आणि संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी दुपारी पुन्हा तेच. चौघींना तिनं नावं ठेवली होती: थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ. थोरली डब्यांचे आकडे गोळा करायची. ती पुरती जागी झाल्याशिवाय मधलीला हाक मारायची नाही, नाहीतर मधली उपाशीपोटी कामाला बसल्यासारखी काहीतरी भलतंच उत्तर काढायची. मधली वाऱ्याचं बघायची, धाकटी पाण्याचं, आणि शेंडेफळ सगळ्यांचं ऐकून नकाशा काढायचं आणि धुकं असेल तर सारंगांच्या फोनवर निरोप धाडायचं. झोपवताना उलट क्रम. आधी शेंडेफळ, शेवटी थोरली.

खिडकीच्या काचा निळ्या व्हायच्याही आधी धुकेबाई उठायची. शाल गुंडाळून ओट्याजवळच्या टेबलाशी बसायची, पासवर्ड टाकायची, आणि चहाचं आधण उकळेपर्यंत पडद्यावर एकेक हिरवा ठिपका उगवताना बघायची. तेव्हा ती पूर्ण जागी नसायची आणि झोपेतही नसायची. त्या मधल्या वेळात तिला वाटायचं, कुठल्या तरी लांबच्या घरात चार बहिणी अंथरुणं गुंडाळताहेत, केस बांधताहेत, आणि एकमेकींना सांगताहेत, ऊठ गं, तिकडे कुणीतरी वाट बघतंय.

तिचा दिनक्रम असाच चालला असता. पण मध्येच तिची दाढ दुखायला लागली.

दुपारची वेळ. दातांच्या डॉक्टरांनी भूल दिली, आणि दाढ काढायला आधी आत गेलेल्या माणसाला इतका वेळ लागला, की चौघींना उठवायची वेळ होत आली तरी ही आपली बाहेरच्या बाकावर, अर्धा जबडा लाकडासारखा करून बसलेली. नवरा लाँचवर. घरी फक्त सासरे. तिनं फोन लावला आणि त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. आता पासवर्ड सांगायचा. पासवर्ड होता 'फुलपाखरू', आणि पुढे लग्नाचं साल.

"हुल," ती म्हणाली.

"काय? हूल? कुणाला हूल द्यायची?"

"हूल नाही हो, हाहा! हुलहाखरू!"

बाकावरच्या माणसांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. शेवटी एका बाईंना राहवलं नाही. त्यांनी हिच्या हातातून फोन घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजोबा, फुलपाखरू. फुलातला फ. हां. आणि पुढे तुमच्या सुनेच्या लग्नाचं साल. तेही सांगतात बघा, बोटं दाखवताहेत." तिकडे सासऱ्यांनी एकेका अक्षराला बोट लावत पासवर्ड टाकला. चौघी क्रमानं उठल्या. संध्याकाळचा नकाशा वेळेवर निघाला. सासरे इतके खूश झाले, की रात्री जेवताना मुलाला म्हणाले, "आज मी नसतो तर तुझं काही खरं नव्हतं."

सासऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. सगळी नोकरी त्यांनी एका मोठ्या कार्यालयात देखरेख्या म्हणून काढली होती. सगळी माणसं घरी गेली, की वरच्या मजल्यापासून सुरुवात करून दिवे, पंखे बंद करत खाली यायचं आणि दाराला कुलूप लावायचं, हे त्यांचं काम. कुणी नसलेल्या खोलीत दिवा चालू दिसला, की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. घरातही धुकेबाई भाजी निवडता निवडता पाणी प्यायला उठली, की परत येईपर्यंत खोलीत अंधार. ती रागवायची नाही. कुणाला गुणगुणायची सवय असते, कुणाला ही असते, असं ती धरून चालायची.

दाढेनंतर मात्र सासऱ्यांनी स्वतःला त्या चौघींचा मामा नेमून टाकलं. "उठल्या का पोरी?" असं रोज विचारायचे. हिनंही पासवर्ड बदलला नाही. बदलायचा असतो, हे तिला माहीत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं ते महत्त्व बघून ती राहून जायची.

मग ऐन थंडीत एका पहाटे तिला ताप भरला. तशीच उठली, चौघींना जागं केलं, आणि नकाशा तयार होईपर्यंत जरा पाठ टेकू म्हणून आत जाऊन पडली. गोळीनं तिचा डोळा लागला. थोड्या वेळानं सासरे पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. खुर्ची रिकामी. टेबलावर लॅपटॉप. पडद्यावर चार हिरवे ठिपके, आणि खोलीत कुणी नाही.

सून आजारी आहे, विसरली असेल बिचारी, असं त्यांना वाटलं. त्यांनी नीट खुर्ची ओढली, चष्मा लावला, फुलातला फ शोधला, आणि अगदी शिस्तीत, आधी शेंडेफळ, मग धाकटी, मग मधली, मग थोरली, अशा चौघींना झोपवलं. लॅपटॉपचं झाकण लावलं. जाताना स्वयंपाकघरातला दिवाही बंद केला.

धुकेबाईला जाग आली ती भोंग्याच्या आवाजानं. लांब, सलग, थोडा थांबून पुन्हा तसाच. खिडकी पांढरी झाली होती. समोरच्या इमारतीची गच्ची नव्हती, तारा नव्हत्या, रस्ता नव्हता. त्या पांढऱ्यातून तो आवाज येत होता, कुठल्या बाजूनं ते कळत नव्हतं, आणि झोपेत तिला वाटलं की कुणीतरी मोठं जनावर घराभोवती फिरतंय आणि आपल्याला हाक मारतंय. मग ती उठून बसली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तो तिच्या नवऱ्याच्या लाँचचा भोंगा होता.

लाँचवाल्यांचा वर्षानुवर्षांचा नियम असा, की धुकं असेल तर धुकेबाईंचा निरोप येतो. निरोप आला नाही तर वाट मोकळी. त्या दिवशी निरोप आला नाही. धक्क्यावर तेव्हा सगळं लख्ख होतं, चांदण्या दिसत होत्या. सारंगानं दोर सोडला. खाडीच्या मध्यावर धुक्याची भिंत उभी होती, त्यात लाँच शिरली आणि वाट चुकून गाळाच्या बेटावर हळूच चढून बसली. कुणाला काही लागलं नाही. माणसं धुकं विरेपर्यंत एकमेकांना खेटून बसली, एका म्हातारीनं तर म्हणे छान झोप काढली. नवरा घरी आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली होती.

"निरोप आला नाही," तो दारातच म्हणाला. "म्हटलं, मोकळं असेल."

धुकेबाई काही बोलायच्या आत सासरे उठून उभे राहिले. "मी बंद केली पोरींना," ते म्हणाले. "चालू राहिल्यात असं वाटलं मला."

मुलानं त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बाबा, पाय धुतो आधी." आणि आत गेला. त्या विषयावर तो वडिलांशी पुन्हा कधी बोलला नाही.

पण त्या दिवसापासून घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सासऱ्यांनी बटणांना हात लावणं सोडलं. न्हाणीघरातला दिवा दिवसभर जळायचा. रिकाम्या खोलीत पंखा फिरायचा. ते त्याच्याखालून मान खाली घालून जायचे. एकदा भर दुपारी धुकेबाई बाहेरून आली, तर उन्हात सगळ्या घरभर दिवे लागलेले, आणि मधोमध म्हातारा खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेला. तिला गलबलून आलं. तिनं एकेक दिवा बंद केला, तसे ते म्हणाले, "राहू दे गं. मला आता कळत नाही, कुठला कशाचा असतो ते."

त्याच संध्याकाळी तिनं ठरवलं, की हे काम आता कुणाच्या हाती ठेवायचं नाही. स्वतःच्याही नाही. कामाची माणसं मिळतात अशा एका साइटवर तिनं जाहिरात टाकली. तीन वेळा खोडून लिहिली. शेवटी राहिली ती अशी: 'भाड्याच्या चार सर्व्हरची रोजची उघडझाप आपोआप व्हायला हवी. क्रम महत्त्वाचा. लॉगिन पक्कं हवं. योग्य मोबदला देऊ. घरात वडीलधारे आहेत, त्यांना समजेल असं करून द्यावं.'

उत्तरं पटापट आली. 'ताई, किरकोळ काम आहे, पासवर्ड पाठवा, संध्याकाळपर्यंत करून देतो.' 'आमची पाच जणांची टीम आहे, पासवर्ड पाठवा.' एकानं तर मोबदल्याचीही चौकशी न करता नुसतंच लिहिलं होतं, 'पासवर्ड?' धुकेबाईला दातांच्या डॉक्टरांकडचा तो बाक आठवला.

एकच उत्तर वेगळं होतं. 'तुमचा पासवर्ड आत्ता कोणाकोणाला माहीत आहे? मला मात्र सांगू नका.'

ते लिहिणारी बाई कुठल्या तरी लांबच्या शहरात राहायची. इथली पहाट म्हणजे तिच्याकडे संध्याकाळ. तिला वेळ मिळायचा तो बाळ झोपल्यावर, तोही बाळ खांद्यावर असतानाच, कारण खाली ठेवलं की उठायचं. म्हणून ती सगळं कुजबुजत बोलायची. पहिल्याच दिवशी पडद्यावर तिचा दिव्याच्या उजेडातला अर्धा चेहरा आणि बाळाची टोपी दिसली, आणि धुकेबाईचाही आवाज आपोआप खाली आला.

"नमस्कार, ताई. आधी मला हे सांगा, पासवर्ड किती लोकांकडे आहे?"

"मी," धुकेबाई कुजबुजली. "सासरे. दातांचे डॉक्टर. त्यांची मदतनीस. आणि बाकावरची माणसं. किती होती ते बघितलं नाही."

बाळाच्या टोपीमागे हसण्यानं खांदा हलला. "बरं. मग आता पासवर्ड नकोच. पासवर्ड ज्याच्या कानावर पडला तो आत. आपण किल्ली करू. ती तुमच्या लॅपटॉपमध्येच तयार होईल आणि तिथून कधी बाहेर पडायची नाही. मी तिकडे मशीनवर फक्त त्या मापाचं कुलूप बसवीन. कुलूप सगळ्या जगानं बघितलं तरी त्यावरून किल्ली करता येत नाही. वर आणखी तुमच्या फोनवर विचारणा येईल, खरंच तुम्हीच का म्हणून. मला माझी वेगळी, छोटी किल्ली द्या. काम संपलं की ती निकामी होईल."

सासरे दाराशी उभे राहून ऐकत होते. तिनं स्क्रीन बंद केल्यावर तेही कुजबुजतच म्हणाले, "कुलूपवाली बरी आहे." इथे कुणाचं बाळ झोपलेलं नव्हतं, तरीही.

पुढे कितीतरी पहाटा अशा गेल्या. बाहेर अंधार फिकट होत जायचा, आत चहाची वाफ, पडद्यात दुसऱ्या कुठल्या शहरातली संध्याकाळ, आणि तीन माणसं एका झोपलेल्या बाळाला सांभाळत हळू हळू बोलताहेत. धुकेबाईला कधी कधी वाटायचं, आपण हे सगळं पाण्याखाली करतोय. कुलूपवाली विचारायची, थोरली जागी झाली हे तुम्हाला कशावरून कळतं? ही म्हणायची, ठिपका हिरवा झाला तरी मी जरा थांबते. का थांबता? ते तिला सांगता यायचं नाही. मग दोघी मिळून शोधायच्या, आणि कळायचं की ठिपका हिरवा होतो तेव्हा सगळ्या बोयांचे आकडे पोचलेले नसतात, सर्वात लांबचा बोया नेहमी उशिरा बोलतो. कुलूपवाली ते लिहून घ्यायची. ठिपका बघून पुढे जायचं नाही, लांबच्या बोयाचं बोलणं ऐकून मग पुढे जायचं.

एका पहाटे तिनं विचारलं, "ताई, आणि मशीनच बिघडली तर? कुणी बंदच केली तर? तर लाँचवाल्यांना काय कळतं?"

धुकेबाईनं चहाचा कप खाली ठेवला. सासरे दारात उभे होते.

"काहीच कळत नाही," ती म्हणाली. "आणि काही कळलं नाही, की ते मोकळं धरतात."

"मग बिघाड तिथे आहे," कुलूपवाली बाळाला थोपटत म्हणाली. "कुणाच्या बोटात नाही."

सासरे वळून आत निघून गेले. 

त्या आठवड्यात धुकेबाई नवऱ्याबरोबर धक्क्यावर गेली आणि सारंगांना एकत्र बसवून तिनं नवा नियम सांगितला. आता निरोप रोज येणार. वाट मोकळी असेल तर मोकळी म्हणून येणार, धुकं असेल तर धुकं म्हणून. मशीनं बिघडली तर 'माहीत नाही' असा येणार. आणि काहीच आलं नाही, तर दोर सोडायचा नाही.

"म्हणजे मोकळ्या दिवशीही तुमच्या परवानगीशिवाय हलायचं नाही?" एक सारंग कुरकुरला.

"माझ्या नाही," ती म्हणाली. "मी तर झोपलेली असणार आहे."

सगळे हसले. तिचा नवरा हसला नाही. दोराच्या वेटोळ्यावर बसून तो पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "इतकी वर्षं आपण उलटं धरून बसलो होतो की." 

काम संपत आलं तेव्हा कुलूपवालीनं शेवटचा मुद्दा काढला. चौघींना एकदम थांबवणं किंवा वेळापत्रकच पुसून टाकणं, अशी काही कामं एकट्या माणसाच्या हातात नसलेली बरी. त्याला दोन किल्ल्या लागतील असं करू. एकीनं मागायचं, दुसऱ्यानं होकार द्यायचा. "एक तुम्ही. दुसरं कोण, ताई? तुमचे मिस्टर?"

"ते त्या वेळी सुकाणूवर असतात."

"मग?"

धुकेबाईनं दाराकडे बघितलं. सासऱ्यांनी स्वेटर उलटा घातला होता. शिवण बाहेर आली होती.

"बाबा आहेत ना," ती म्हणाली.

"मी?" सासरे कुजबुजायचं विसरले. पडद्यात बाळ चुळबुळलं. त्यांनी घाईनं तोंडावर हात ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, अगं, माझ्याकडे पुन्हा?"

"तुमच्याकडेच. रिकाम्या खोलीत चालू राहिलेलं तुमच्याइतकं कुणाला दिसतं? फक्त बंद करायच्या आधी आपण दोघांनी एकमेकांना विचारायचं."

 ते येऊन खुर्चीवर बसले आणि आपला फोन टेबलावर ठेवला, तोही कुणीतरी तपासणार असल्यासारखा, शर्टाच्या टोकानं पुसून.

दुसऱ्या पहाटे तालीम झाली. कुलूपवालीनं आधीच सांगून ठेवलं होतं, की आज मुद्दाम धाकटीला आजारी पाडणार. ठरल्याप्रमाणे धाकटी उठेना. नव्या यंत्रणेनं स्वतःच तिला दोनदा हाक मारली, मग थांबली, आणि सारंगांच्या फोनवर निरोप गेला: 'माहीत नाही.' धक्क्यावर लाँच जागच्या जागी राहिल्या. धुकेबाईनं सगळ्या चौघींना थांबवून पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं, तसा सासऱ्यांचा फोन थरथरला. पडद्यावर प्रश्न आला: चौघींना थांबवायचं आहे. होकार आहे?

त्यांनी बोट पुढे नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. "तू मागितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"मीच मागितलं."

"लाँच उभ्या आहेत?"

"उभ्या आहेत, बाबा."

"धाकटी आजारी आहे?"

"आहे."

"पोरगा धक्क्यावर आहे?"

"दोर बांधून बसलाय. आत्ताच फोन आला होता."

मग त्यांनी होकार दिला. चौघी झोपल्या, आणि थोड्या वेळानं आपापल्या क्रमानं पुन्हा उठल्या, धाकटीसुद्धा. कुलूपवालीच्या खांद्यावरचं बाळ तेवढ्यात जागं झालं आणि मोठ्यानं रडायला लागलं, आणि तिचा खरा आवाज त्या दोघांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ती बाळाला ओरडून सांगत होती, "झालं, झालं, राजा, सगळं झालं!"

संघटनेनं तिचे पैसे चुकते केले, आणि धुकेबाईनं स्वतःकडून बाळासाठी एक टोपी विणून पाठवली. पुढे त्यांचं बोलणं फार झालं नाही. कधीमधी टोपीतल्या बाळाचा फोटो यायचा.

पहिले काही दिवस धुकेबाई पहाटे उठायचीच. सवय जाते थोडीच! अंधारात पडून ती मनातल्या मनात थोरलीला हाक मारायची. कुठेतरी दूर, तिच्याशिवाय, एकेक ठिपका हिरवा होत असणार, या विचारानं तिला आधी जरा उपरं उपरं वाटायचं. पोरी मोठ्या झाल्या, डबा आपला आपण भरून घेतात, तसं. मग हळूहळू ती झोपायला लागली. तिला स्वप्नं पडायला लागली. कित्येक वर्षांत तिला पहाटेची स्वप्नं पडली नव्हती, कारण त्या वेळी ती जागी असायची. स्वप्नात ती एका लांबलचक खोलीतून चालत असायची, खिडक्यांच्या मागे खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत पाणी. उठल्यावर ती ते सासऱ्यांना सांगायची. ते लक्ष देऊन ऐकायचे आणि विचारायचे, "मग, पलीकडे कोण होतं?"

हिवाळा सरता सरता एके दिवशी तिला पलीकडच्या काठावर काम निघालं. सासरेही म्हणाले, मी येतो. दोघं पहाटे निघाली. इतकी वर्षं खाडीकाठी राहून तिनं सकाळची पहिली लाँच कधी पकडली नव्हती. धक्क्यावर पोचेपर्यंत धुकं उतरलं होतं. दिव्याचे खांब खालून विरघळले होते, फक्त वरचे गोळे तरंगत होते. माणसं आवाजांवरून ओळखावी लागत होती. कुणी खोकत होतं, कुणी डबा उघडत होतं, कुणाच्या बांगड्या वाजत होत्या. धुक्याचा ओला, थंड हात चेहऱ्यावरून फिरला, तेव्हा तिला ते आकड्यांपेक्षा खूप मऊ वाटलं. बोयावरच्या डबीला हे काय कळत असेल, असं तिच्या मनात आलं.

एवढ्यात कुठून कुठून फोन वाजले. सारंगांचे, तिकिटवाल्याचे, आणि तिच्या पिशवीतलाही. निरोप आला होता. धुकं. ऊन वर येईपर्यंत थांबा.

"झालं!" तिच्या शेजारच्या बाकावरून एक बाई वैतागून म्हणाली. "त्या धुकेबाईला काय जातंय, घरात बसून थांबा म्हणायला? इथे आमचा खाडा होतोय."

सासरे ताडकन उठायला गेले. धुकेबाईनं अंधारातच त्यांचा हात धरला आणि दाबला. ते पुन्हा बसले, पण फुरफुरत राहिले.

"सरका जरा," ती त्या बाईला म्हणाली. "थर्मासमध्ये चहा आहे. घेणार का?"

बाई सरकली. झाकणात ओतलेला चहा तिनं दोन्ही हातांनी धरला, फुंकर मारली, आणि मग कामाच्या ठिकाणचा मुकादम कसा आहे ते सांगायला लागली. धुकेबाई ऐकत राहिली. समोर कुठेतरी पाणी होतं, त्याचा धक्क्याला लागणारा आवाज येत होता, आणि तिच्या नवऱ्याची लाँच दोराला बांधलेली, पांढऱ्यात जेमतेम एक करडी रेघ होऊन, हळूच वर खाली होत होती.